बॉनेटला लोहचुंबक चिकटला नाही, एवढ्यावर ती अलॉय एक्सके १२० ठरत नाही

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणाऱ्याचे मामा इंग्लंडात लेस्टरला असतात आणि त्यांना एक जॅग्वार एक्सके १२० विकत मिळते आहे. १९५० सालची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, अमेरिकेतून परत आलेली उघडी दोन सीटची गाडी. विकणारा म्हणतो, ‘ही पहिल्या ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्यांपैकी आहे.’ मामांनी बॉनेटला आणि दाराला लोहचुंबक लावून पाहिला, तो घसरून खाली आला. भाव स्टीलवाल्या गाडीच्या दुपटीहून जास्त सांगितला आहे. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत: मुळात ॲल्युमिनियम का वापरलं, ते खरंच इतकं भारी आहे का, आणि खरी गाडी ओळखायची कशी.

शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच देतो, म्हणजे मामा घाईने इसार देऊन बसणार नाहीत. एक्सके १२० च्या उघड्या गाडीचं बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण हे सगळ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचं होतं. स्टील बॉडीच्या हजारो गाड्या निघाल्या, त्यांतही. मामांनी लोहचुंबक लावला तो नेमका अशा दोन जागी, जिथे खरी आणि खोटी दोन्ही एकच उत्तर देतात. विकणाऱ्याने ‘इथे लावून बघा’ म्हणून बॉनेटच पुढे केलं असेल, तर तो एक तर अडाणी आहे किंवा फारच हुशार.

माझ्याबद्दल दोन ओळी, कारण ऐकीव गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. मी डेंटर. मुंबईत ताडदेवच्या एका गॅरेजात पत्रा ठोकायला शिकलो, पुढे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात जुन्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काढली. आता पुण्यात माझं स्वतःचं छोटं काम आहे. अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियम बॉडीच्या, एक्सके १२० या हातांखालून दोनच गेल्या. स्टीलवाल्या किती गेल्या ते मोजलेलं नाही.

आता ‘का’. यावर हमखास दोन उत्तरं ऐकायला मिळतात आणि दोन्ही निम्मीच खरी आहेत. एक म्हणजे, रेसिंगसाठी वजन कमी करायचं होतं. दुसरं, युद्ध संपल्यावर विमानांचं ॲल्युमिनियम पडून होतं आणि स्टीलचं रेशनिंग होतं. स्टीलची टंचाई खरीच होती. जो कारखाना माल परदेशी पाठवून डॉलर आणील त्याला सरकार आधी स्टील द्यायचं. एक्सके १२० च्याच वर्षी, १९४८ मध्ये, निघालेल्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची झाली ती मुख्यतः या टंचाईमुळे. जॅग्वारची गोष्ट निराळी आहे. तिथे मालकाचा अंदाज चुकला.

मालक म्हणजे विल्यम लायन्स. ब्लॅकपूलचा माणूस, १९२२ मध्ये एकविसाव्या वर्षी भागीदारीत मोटारसायकलचे साइडकार बनवायला लागला. पुढे कॉव्हेंट्रीला येऊन गाड्या करू लागला. कंपनीचं नाव एसएस कार्स. हिटलरच्या कुप्रसिद्ध दलाचंही नाव तेच, मग १९४५ नंतर ‘एसएस’ हे नाव कुठल्या तोंडाने घ्यायचं? त्या वर्षी कंपनीचं नाव ‘जॅग्वार’ झालं, जे आधी फक्त मॉडेलचं नाव होतं.

युद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री तर शहराचा मध्यभागच गेला. कारखान्यांत रात्रभर आगीवर पहारा ठेवावा लागे. लायन्सने पहाऱ्याच्या पाळ्या अशा लावल्या की तो स्वतः, मुख्य इंजिनिअर विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली एकाच रात्री कामावर येतील. बाहेर सायरन आणि आत इंजिनाची चर्चा. प्रायोगिक म्हणून ‘एक्स’ अक्षर लावून एकामागून एक इंजिनं कागदावर आणि मग बेंचवर आली: एक्सएफ, एक्सजी, एक्सजे. शेवटी एक्सके. सहा सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर, १०६ मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४४२ सीसी, सात मेन बेअरिंग, वर ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यात दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे. हेडमधल्या हवेच्या वाटांचं काम हॅरी वेस्लेक या बाहेरच्या जाणकाराकडून करून घेतलं. १६० हॉर्सपॉवर. हेडमध्ये दोन कॅम ही तोवर रेसच्या नाहीतर अतिशय महाग गाड्यांची चैन होती. लायन्सला ते रोजच्या विक्रीच्या गाडीत हवं होतं, आणि बॉनेट उघडल्यावर पॉलिश केलेली दोन झाकणं दिसली पाहिजेत असाही त्याचा आग्रह होता. दिसण्याच्या बाबतीत या माणसाचं कधी चुकलं नाही. अंदाज चुकला तो आकड्याचा.

हे इंजिन स्पोर्ट्‌स कारसाठी नव्हतंच. ते मोठ्या सलून गाडीसाठी होतं, जी पुढे मार्क सेव्हन म्हणून आली. सलूनची बॉडी प्रेस्ड स्टील कंपनी बनवणार होती आणि तिचे डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, तयार व्हायला वर्षं लागणार होती. म्हणून १९४८ मध्ये मार्क फाइव्ह नावाची मधली गाडी काढली: चासी नवी, पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन, पण इंजिन जुनंच. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला युद्धानंतरचं पहिलं मोटार प्रदर्शन भरायचं होतं. इंजिन तयार आहे, दाखवायला गाडी नाही, अशी पंचाईत.

लायन्सने मार्क फाइव्हची चासी घेतली आणि चाकांतलं अंतर १२० इंचांवरून १०२ इंचांवर आणलं. वर बॉडी उभी केली ती दोन आठवड्यांच्या आत. हा माणूस ड्रॉइंग बोर्डवर बसणारा नव्हता. हाताशी चांगला पत्रेवाला घ्यायचा, खऱ्या मापाचा नमुना उभा करायचा, लांब जाऊन बघायचं, ‘इथे थोडं आत घ्या’ म्हणायचं, पुन्हा लांब जायचं. आपल्याकडे मूर्तिकार गणपतीच्या सोंडेला हात लावतो आणि चार पावलं मागे जातो, तसंच.

२७ ऑक्टोबर १९४८ ला प्रदर्शन उघडलं आणि सोनेरी ब्राँझ रंगाच्या त्या गाडीभोवती माणसं हटेनात. किंमत ९९८ पौंड, कर वेगळा. हा आकडा नीट बघा. १००० पौंडांच्या वरच्या गाडीला ब्रिटनमध्ये तेव्हा दुप्पट खरेदीकर पडत असे. बाटाच्या दुकानातली ‘९९’ ही युक्ती नवी नाही! नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैल, साधारण १९३ किलोमीटर. एवढ्या पैशांत एवढा वेग ही लोकांना थाप वाटली. सोबत चार सिलिंडरची एक्सके १०० पण जाहीर केली होती, ती कधी विक्रीला आलीच नाही.

लायन्सच्या हिशेबाने ही गाडी साधारण २०० खपली असती. प्रदर्शनाची शोभा, इंजिनाची जाहिरात आणि रस्त्यावर त्याची परीक्षा. दोनशे गाड्यांसाठी कुणी प्रेसचे डाय बनवत नाही, तो खर्च हजारो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. मग राहतो जुना मार्ग: लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने बसवलेला पत्रा. हातानेच आकार द्यायचा तर स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम मऊ, लवकर वळतं. एवढाच विचार होता. आज ज्या ॲल्युमिनियमसाठी लोक दुप्पट पैसे मोजतात ते कारखान्याच्या दृष्टीने ‘सध्यापुरतं भागवून घेऊ’ होतं.

पण मागणी आली हजारोंनी, आणि तीही डॉलरवाल्या मुलखातून. मग धावपळ. प्रेस्ड स्टीलकडे डाय टाकले, तोवर हाताने बनवत राहिले. १९४९ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९५० च्या वसंतात स्टील बॉडी सुरू झाली, तेव्हा अलॉयच्या २४० च्या आसपास झाल्या होत्या. चासी नंबरांच्या हिशेबाने २४२: उजव्या स्टिअरिंगच्या ५८ आणि डाव्या स्टिअरिंगच्या १८४. या दोन आकड्यांतच त्या काळचा ब्रिटन दिसतो. घरच्यांसाठी ५८, बाकी निर्यात. सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक हॉलिवूडच्या क्लार्क गेबलकडे गेली, आणि अमेरिकेत त्याहून चांगली जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती. १९५४ पर्यंत एकूण १२ हजारांवर एक्सके १२० झाल्या. म्हणजे अलॉय शंभरात दोनच.

जाब्बेकेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वेगाबद्दल वर्तमानपत्रांत कुजबुज वाढली, तेव्हा ३० मे १९४९ ला कंपनीने पत्रकारांना विमानाने बेल्जियमला नेलं. ऑस्टेंडजवळ जाब्बेकेला नवा सरळ हायवे होता. पांढरी गाडी, नंबर एचकेव्ही ५००, चालवणारा कंपनीचाच टेस्ट ड्रायव्हर रॉन सटन. टप आणि काच लावून ताशी १२६ मैल भरले. मग काच काढून छोटी पट्टी लावली आणि गाडी १३२.६ मैलांनी, म्हणजे २१३ किलोमीटरच्या वेगाने गेली. पण मला आवडतो तो भाग यानंतरचा. सटनने गाडी परत आणली आणि पत्रकारांच्या समोरून टॉप गिअरमध्येच ताशी दहा मैलांनी आरामात नेली. वेगवान इंजिनं पुष्कळ असतात हो. टॉपमध्ये बैलगाडीच्या चालीने न अडखळता जाणारं इंजिन बनवणं हे खरं कसब. हेच इंजिन १९९२ पर्यंत, डेमलरच्या लिमोझिनमध्ये, बनत राहिलं. मधल्या काळात त्याने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची रेस पाच वेळा जिंकून दिली आणि ब्रिटिश लष्कराच्या हलक्या रणगाड्यांतही काम केलं. २००८ पासून जॅग्वार टाटा मोटर्सची आहे. तेव्हा वर्कशॉपमधल्या माझ्या जुन्या सोबत्यांनी फोन करून ‘आता तुम्ही आमचे साहेब’ म्हणून चिडवलं होतं.

आता, ॲल्युमिनियम खरंच भारी आहे का? वजनात फरक साधारण ५० किलोचा. म्हणजे शेजारच्या सीटवरचा सडपातळ माणूस उतरवला तेवढा. साध्या रस्त्यावर तुमच्या मामांना तो कळणार नाही. रेसमध्ये कळायचा, म्हणून १९५० मध्ये कंपनीने निवडक ड्रायव्हरांना दिलेल्या सहा गाड्या अलॉयच होत्या. त्यांतली टॉमी विझडमची गाडी घेऊन स्टर्लिंग मॉसने १६ सप्टेंबर १९५० ला उत्तर आयर्लंडमध्ये डनड्रॉडला भर पावसात टुरिस्ट ट्रॉफीची रेस जिंकली. दुसऱ्या दिवशी तो एकवीस वर्षांचा झाला. दुसरी, नंबर एनयूबी १२०, इयन ॲपलयार्डची. तिने आल्प्सच्या रॅलीत सलग तीन वर्षं एकही दंडाचा गुण घेतला नाही. शेजारी नकाशा धरून बसायची ती त्याची बायको पॅट, म्हणजे लायन्सची मुलगी. सासऱ्याची गाडी जावयाने एवढी पिळलेली दुसरी मला माहीत नाही. तिन्ही वर्षं ती बॉडी टिकली यावरून हाताच्या कामाचा दर्जा कळतो.

तेव्हा चालवण्याच्या सुखासाठी घ्यायची असेल तर स्टीलची घ्या, असं मी तोंडावर सांगतो. ब्रेक दोन्हींचे सारखेच कमकुवत. ड्रम ब्रेक, बंद बॉडीच्या आत, मागची चाकं तर झाकणाखाली. घाटात उतरताना दोन-तीन वेळा जोरात दाबले की पेडल लाकडासारखं कडक होतं आणि गाडी मात्र थांबत नाही. गिअरबॉक्स दोन्हींत तोच, सावकाश टाकायचा, पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर न खरखरता बसवणारी सोय, नाही. अलॉयला जे जास्त पैसे पडतात ते दुर्मिळपणाचे आणि हाताच्या कामाचे. त्यात गैर काही नाही, पण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

हाताचं काम म्हणजे काय, ते पत्र्याजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ॲल्युमिनियम ठोकलं की कडक होतं. शंभर-दोनशे घाव झाले की पत्रा ‘टण’ वाजायला लागतो, मऊ ‘थप’ येत नाही. तरी ठोकत राहिलात तर चिरतो. मग तो भाजून पुन्हा मऊ करावा लागतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन या, हेच दिसेल. घागर ठोकतात, भट्टीत लाल करतात, थंड करून पुन्हा ठोकतात आणि शेवटी मठारतात. फरक एवढाच की तांबं लाल होऊन सांगतं, ‘झालं माझं’. ॲल्युमिनियम मुकं आहे. साडेसहाशे अंशांवर वितळतं, पण तोवर रंग बदलत नाही. आत्ता चांदीसारखं दिसत होतं आणि पुढच्या क्षणी भोक.

त्यावर उपाय साबण. कपडे धुवायच्या साबणाची वडी पत्र्यावर घासायची, सुकू द्यायची आणि मागून गॅसची ज्योत फिरवत राहायचं. साबणाचा डाग आधी पिवळट, मग तपकिरी होतो आणि काळा पडायला लागला की ज्योत काढायची. पत्रा मऊ झालेला असतो. मी शिकाऊ असताना एका मडगार्डच्या वळणावर साबण बरोबर लावला, ज्योत बरोबर धरली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवली. परत बघतो तर पंचवीस पैशांच्या नाण्याएवढं भोक, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. फोरमन रागावला नाही. त्याने कापून ठिगळ लावायला दिलं, आणि तो जोड लांबी (पुटी) न भरता दिसेनासा करायला मला चार दिवस लागले. तेव्हापासून ज्योत हातात असताना मला हाक मारायची नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे.

आता ओळखण्याकडे येतो.

आधी नंबर. उजव्या स्टिअरिंगच्या अलॉय गाड्या ६६०००१ ते ६६००५८ आणि डाव्या स्टिअरिंगच्या ६७०००१ ते ६७०१८४. मामांची गाडी डावी आहे, तेव्हा ६७०१८४ च्या पुढचा नंबर असेल तर बोलणं तिथेच संपवा. नंबर बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, पण ती पट्टी चार स्क्रूंनी लागते आणि चार स्क्रूंनी निघते. चासीच्या लोखंडावर कोरलेला नंबर बघायचा. तिथे ग्राइंडर फिरल्याच्या खुणा, वेल्डिंगचा फुगवटा किंवा एवढ्याच भागाला ताजा रंग दिसला तर मी एक पाऊल मागे घेतो. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि हेडवरही. दोन्ही जुळले तर उत्तम. पाऊणशे वर्षांत हेड बदललेलं असणं काही गुन्हा नाही, फक्त भाव त्याप्रमाणे.

मग कागद. जॅग्वारची जुनी नोंदबुकं सांभाळणारा ट्रस्ट इंग्लंडमध्ये आहे. मालकाने अर्ज केला की गाडीचा दाखला मिळतो: कधी बनली, कुठला रंग, आतली कातडी कुठल्या रंगाची, कुठल्या डीलरकडे गेली, मूळ इंजिन नंबर काय. हा दाखला नसेल तर विकणाऱ्याला काढायला सांगा, तो टाळाटाळ का करतो ते बघा. पण एक लक्षात ठेवा. कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच दाखला सांगतो. मामांच्या समोर काय उभं आहे, ते त्याला माहीत नसतं. अमेरिकेत साठच्या दशकात ही फक्त जुनी स्पोर्ट्‌स कार होती. ठोकलेल्या अलॉय गाडीवर मोडीत निघालेल्या स्टील गाडीची बॉडी चढवणं तेव्हा शहाणपणाचं होतं. आज उलटा धंदा चालतो. नंबर खरा, चासी खरी, बॉडी गेल्या दहा वर्षांत ठोकलेली. नवी अलॉय बॉडी सुंदर असू शकते, मी स्वतः तसे भाग बनवतो. फक्त ती नवी म्हणून विकली पाहिजे.

म्हणून बॉडीच बघायची. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळा आणि पुढच्या मडगार्डवर, मागच्या मडगार्डवर, डिकीच्या झाकणाच्या बाजूच्या पत्र्यावर लावा. इथे स्टीलच्या गाडीत तो धरतो. अलॉयमध्ये कुठेच धरायला नको. पण जाड लांबी भरलेली असेल तर स्टीलवरही तो धरत नाही, तेव्हा मडगार्डच्या आतून हात घालून खालच्या बाजूनेही लावायचा. आतून बघायची सवयच लावून घ्या. बाहेरची बाजू रंगारी दाखवतो, आतली बाजू डेंटर.

दुसरी खूण लाकूड. अलॉय बॉडीचा सांगाडा ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, ज्याचे क्रिकेटचे स्टंप करतात. गालिचा उचलून दाराच्या खांबाच्या तळाशी बॅटरी मारा. जुनं ॲश धुरकट तपकिरी होतं, स्क्रूच्या भोवती काळं पडतं. सगळा सांगाडा पांढराशुभ्र नवा असेल तर मालकाकडे कामाचे फोटो मागा, चांगल्या वर्कशॉपने ते काढलेलेच असतात. लाकूड जुनं असेल तर बारीक टोच्या घेऊन, मालकाची परवानगी काढून, खालच्या कोपऱ्यात हलकं टोचा. कुजलेलं लाकूड बिस्किटासारखं आत जातं. परवानगी मिळाली नाही तर दार उघडून कड्यांच्या बाजूला लक्ष ठेवा. उघडताच दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसलं आणि लावताना उचलावं लागलं, तर खांबाचं लाकूड गेलं असं समजा.

तिसरी खूण, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी, पांढरी भुकटी. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल आली की दोघांत बॅटरीसारखा बारीक प्रवाह चालतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. रंगाखाली बारीक फोड येतात, नखाने फोडला की आत चुन्यासारखी पांढरी पूड. स्टीलच्या गाडीत तिथे तांबूस गंज असतो. मडगार्डच्या खालच्या कडा, पत्रा लोखंडी कडेवर वळवून दाबलेल्या जागा, जुन्या स्क्रूंच्या भोवती अशी पूड बघा. दुसरा कुणी अशी पूड दिसली की नाक मुरडेल. मला ती दिसली तर थोडं बरंच वाटतं, कारण पाऊणशे वर्षांच्या पत्र्याला ती असायलाच हवी. कुठेच काही नसेल तर पत्रा बदललाय का, हा पुढचा प्रश्न. आणि पूड हाताएवढ्या पट्ट्यात पसरलेली असेल तर तो सगळा पट्टा कापून नवा बसवावा लागेल, आणि किमतीतून तेवढे वजा करायचे.

एक खूण लोक उलटी सांगतात. पुढच्या मडगार्डच्या बाजूला हवेचं छोटं झरोक्यासारखं तोंड असतं, पायांना वारा लागावा म्हणून. ते नंतरच्या स्टील गाड्यांना आलं. ते असेल तर पत्रा मूळ अलॉयचा नाही किंवा नंतर कापला आहे. पण ते नसणं म्हणजे अलॉय, असं नव्हे. सुरुवातीच्या स्टील गाड्यांनाही ते नव्हतं.

मामांनी जाताना न्यायच्या वस्तू: बॅटरी, हातभर लांब दांडीचा छोटा आरसा, कापडात गुंडाळलेला लोहचुंबक आणि बसायला जुनी चादर, कारण अर्धी तपासणी जमिनीवर पडून करायची आहे. मागच्या चाकाचं झाकण काढून मागा, ते किल्लीने फिरवून निघतं. आत मडगार्डच्या पोटात हातोडीचे पुसट ठसे बोटांना लागतात का बघा, रंगवलेल्या पत्र्यावर ते डोळ्यांना दिसत नाहीत. चासीवर कोरलेल्या नंबराचा, दाराच्या खांबाच्या तळाचा आणि त्या मडगार्डच्या आतल्या बाजूचा, असे तीन फोटो मला पाठवा. चकाकत्या बॉनेटचा नको.